पडदा हिरवा, प्रश्न विश्वासाचा

दहा बाय बाराची खोली. एका भिंतीवर ताणून बांधलेले हिरवे कापड, समोर तिपाईवर मोबाइल, दोन्ही बाजूंना एलईडी दिवे आणि ऐन उकाड्यात बंद केलेला पंखा. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून घरच्यांना दिलेली ताकीद. प्रेक्षकाला मात्र यातले काहीच दिसत नाही. त्याला दिसते ते चकचकीत टेबल, मागे मुंबईच्या उंच इमारतींचे रात्रीचे दृश्य, फिरणारा पृथ्वीगोल आणि खाली धावणारी बातम्यांची पट्टी. तालुक्याच्या गावातील दोन खोल्यांचे घर आणि महानगरातील वृत्तवाहिनीचा कक्ष यांच्यातील अंतर एका कापडाने मिटवले आहे.

या बदलाकडे दोन बाजूंनी पाहता येते. प्रसारणाची जी साधने मूठभर कंपन्यांच्या ताब्यात होती, ती सामान्य माणसाच्या हाती आली, ही एक बाजू. कक्षाच्या दिमाखावरून बातमीची पत जोखण्याची प्रेक्षकाची जुनी सवय आता त्याला दगा देऊ लागली, ही दुसरी. पहिल्या बाजूचे कौतुक पुष्कळ झाले आहे. दुसरीचा विचार मात्र सरकारी मसुद्यांवर सोडून देण्यात आला आहे.

जुनीच विद्या, नवे घर

एका ठिकाणचा माणूस दुसऱ्या ठिकाणी दाखवण्याची ही विद्या नवी नाही. १९४० च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ या इंग्रजी चित्रपटात लॅरी बटलर यांनी निळ्या पडद्याचे तंत्र वापरले आणि त्या कामगिरीसाठी त्यांना ऑस्कर मिळाले. म्हैसूर संस्थानातून गेलेला साबू हा मुलगा त्याच चित्रपटात झळकला होता. पुढे पेट्रो व्लाहोस यांनी या तंत्रातील दोष दूर केले. केसांच्या बटा, धूर, काचेचा पेला अशा अर्धपारदर्शक गोष्टी पडद्यावरून स्वच्छ वेगळ्या काढण्याची पद्धत त्यांचीच. १९५९ च्या ‘बेन हर’मध्ये ती वापरली गेली. १९७६ मध्ये त्यांनी ‘अल्टिमॅट’ ही कंपनी काढली आणि हे काम विजेरी यंत्रावर येऊन दूरचित्रवाणीच्या आवाक्यात आले.

घरातल्या स्टुडिओचा वारसा तर महाराष्ट्राचाच आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला, अंकुराच्या वाढीचा लघुपट घरातच टिपला आणि १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ दादरच्या बिऱ्हाडातून उभा केला. सरस्वतीबाई फाळके साऱ्या चमूचा स्वयंपाक सांभाळून फिल्म धुण्याच्या कामातही हातभार लावत. तेव्हा विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या होत्या. आज त्याच हौसेला काही हजार रुपये पुरतात, इतकाच काय तो काळाचा फरक.

पूर्वीच्या निळ्याची जागा हिरव्याने का घेतली, याचे कारण यंत्रात आहे. डिजिटल कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या बिंदूंपैकी निम्मे हिरव्या रंगासाठी राखलेले असतात. कोडॅकचे ब्राइस बेयर यांच्या १९७६ च्या पेटंटमधील ही रचना आजच्या बहुतेक मोबाइलमध्येही आहे. शिवाय दूरचित्रवाणीच्या प्रचलित मानकानुसार चित्राच्या एकूण उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, तर निळ्याचा अवघा ७ टक्के धरला जातो. त्यामुळे हिरवा पडदा कमी दिव्यांत उजळतो आणि त्यावर चित्राचा रवाळपणा कमी येतो. मानवी त्वचेत हा रंग प्रामुख्याने नसतो, म्हणून माणूस व पडदा यांची फारकत करणे संगणकाला सोपे जाते. जो बिंदू ठरावीक हिरव्याच्या जवळचा, तो पारदर्शक करायचा आणि तेथे मागचे चित्र बसवायचे, इतकेच हे गणित आहे.

कापड स्वस्त, जागा महाग

गणित सोपे असले तरी घरातली अंमलबजावणी सोपी नाही. पहिली अडचण पैशाची नसून जागेची आहे. माणूस पडद्याला चिकटून बसला तर त्याची सावली कापडावर पडते आणि कापडाचा हिरवा उजेड त्याच्या मानेवर, कानांवर व केसांच्या कडांवर उतरतो. हे टाळायचे तर दोघांत किमान पाच-सहा फूट अंतर हवे. बारा फुटांच्या खोलीत तेवढे अंतर सोडल्यावर कॅमेऱ्यासाठी पाच-सहा फूटच उरतात. म्हणजे कंबरेपासून वरचे चित्र मिळते, उभा माणूस पायांपर्यंत दाखवता येत नाही. घरगुती वाहिन्यांवरील बहुतेक निवेदक टेबलामागे बसलेले दिसतात, त्याचे एक कारण हेही आहे.

दुसरी बाब प्रकाशाची. पडद्यासाठी दोन आणि माणसासाठी निदान एक दिवा वेगळा लागतो. पडद्यावरचा उजेड चारही कोपऱ्यांत सारखा असला पाहिजे. एक सुरकुतीसुद्धा संगणकाच्या लेखी वेगळा रंग ठरते. कापडही चमकणारे नको. सॅटिनपेक्षा रंगवलेले साधे मांजरपाट अधिक कामाचे. खिडकीतून येणारे ऊन ढगाआड गेले की मोबाइल आपणहून रंग व उजेड बदलतो आणि नीट बसलेले चित्र फाटते. म्हणून खिडकी झाकणे आणि मोबाइलची स्वयंचलित व्यवस्था बंद करणे क्रमप्राप्त ठरते. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने कॅमेऱ्याच्या शटरचा वेग सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग असा ठेवला नाही, तर स्वस्त एलईडी दिव्यांची फडफड चित्रात उतरते.

तिसरी अडचण पेहरावाची. मराठी घरातील मंगलप्रसंग हिरव्या रंगाशी बांधलेले आहेत. हिरवा चुडा, हिरवा शालू, विड्याची पाने हे सारे या पडद्यासमोर आले की अदृश्य होते आणि मनगटाच्या जागी मागचे आकाश दिसू लागते. पैठणीची जर पडद्याचा रंग परावर्तित करते, ते निराळेच. सणावाराचे चित्रण करणाऱ्यांनी निळे कापड वेगळे ठेवणे शहाणपणाचे, ते यामुळेच.

यंत्रांची एक मर्यादा पैशानेही सहजी सुटत नाही. बहुतेक मोबाइल आणि वेबकॅम रंगाची बारकाई उजेडाच्या बारकाईच्या चौथ्या हिश्श्याइतकीच साठवतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण रंगावरूनच कड कापणाऱ्या संगणकाला कळते. केसांभोवती दिसणारी दातेरी, थरथरती रेघ ही त्या काटकसरीची खूण होय. सॉफ्टवेअरचा खर्च मात्र जवळपास संपला आहे. २०१२ मध्ये आलेले ‘ओबीएस’ हे मुक्त सॉफ्टवेअर थेट प्रक्षेपणातच पडदा कापून देते. व्यावसायिक दर्जाच्या ‘दा विंची रिझॉल्व्ह’ची मोफत आवृत्तीही हे काम करते. आवाजासाठी कॉलरचा छोटा माइक आणि भिंतीवर टांगलेल्या दोन-चार गोधड्या पुरतात. प्रेक्षक डागाळलेले चित्र चालवून घेतो. घुमणारा आवाज त्याला चालत नाही.

कक्षाची पत कोणाची?

२ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शनचे मुंबई केंद्र सुरू झाले, तेव्हापासून मराठी प्रेक्षकाच्या मनात स्टुडिओ म्हणजे संस्था हे समीकरण पक्के झाले. मागे इमारत असे, संपादक असे, तक्रार करायला पत्ता असे. कक्ष उभारायला लागणारे भांडवल हीच गांभीर्याची अप्रत्यक्ष हमी होती. मार्च २०२० मधील टाळेबंदीने हे समीकरण मोडले. मोठ्या वाहिन्यांचे निवेदक घरातून बोलू लागले आणि घरातून बोलणारे हौशी लोक मोठ्या वाहिन्यांसारखे दिसू लागले. दोघांमधील दृश्य सीमारेषा त्या काळात पुसली गेली, ती पुन्हा उमटलेली नाही.

याचा लाभ खरा आहे. जिल्ह्याच्या पानातही जागा न मिळणारे पाणीटंचाईचे, बाजार समितीतील भावाचे, बंद पडलेल्या एसटी फेरीचे प्रश्न आज गावातलाच कोणी मांडतो. त्याच्यापाशी हिरवा पडदा नसता तर अनेकांनी त्याचे ऐकलेही नसते. परंतु ज्या कापडाने त्याला प्रतिष्ठा दिली, तेच कापड अफवा पिकवणाऱ्यालाही तितकीच देते. डिसेंबर २०२२ मध्ये पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य-तपासणी पथकाने तीन यूट्यूब वाहिन्यांचा खोटेपणा उघड केला. त्यांचे मिळून सुमारे ३३ लाख सदस्य होते. या वाहिन्या दूरचित्रवाणी वाहिन्यांची बोधचिन्हे आणि निवेदकांची छायाचित्रे लावून प्रेक्षकांची दिशाभूल करीत होत्या. खोटी बातमी खऱ्या बातमीच्या पोशाखात आली, हे त्यांच्या यशाचे रहस्य होते.

आता तर माणसाचीही गरज उरलेली नाही. २६ मे २०२४ रोजी ‘डीडी किसान’ने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे दोन निवेदक सादर केले. आधी कक्ष आभासी झाला, मग निवेदक. पुढची पायरी घटनाच आभासी होण्याची आहे, आणि समाजमाध्यमांवर ती चढायला केव्हाच सुरुवात झाली आहे.

कायद्याची चाचपडती पावले

सरकारला हा प्रश्न दिसत नाही असे नाही. पण त्याचे उपाय अनेकदा रोगापेक्षा जड ठरले. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी डिजिटल बातमीदारांवर आचारसंहिता लादली, तेव्हा त्यातील कलम ९ च्या दोन तरतुदींना मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगिती दिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसारण सेवा विधेयकाचा मसुदा आला. व्यवसाय म्हणून चालू घडामोडींवर कार्यक्रम करणारी एकटीदुकटी व्यक्तीही त्याच्या कक्षेत येईल, या भीतीने मोठा विरोध झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने सल्लामसलतीनंतर नवा मसुदा आणण्याचे जाहीर केले. सरकारी कामकाजाबाबतची माहिती खोटी ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच पथकाला देणारी तरतूद सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवली.

ऑक्टोबर २०२५ मधील मसुदा या चाचपडण्याचे बोलके उदाहरण आहे. कृत्रिमरीत्या तयार केलेल्या दृश्यावर किमान १० टक्के जागा व्यापणारी खूण असावी, असा त्यात प्रस्ताव होता. संगणकाने बदललेली आणि खरी भासणारी माहिती, अशी व्याख्या इतकी ऐसपैस होती की शब्दशः वाचल्यास शिक्षिकेने पाठामागे लावलेले रायगडाचे चित्रही तिच्यात बसले असते. फेब्रुवारी २०२६ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत १० टक्क्यांची अट गळाली आणि सद्हेतूने केलेल्या नेहमीच्या संपादनाला सूट मिळाली, हे योग्यच झाले. तंत्र दोषी नसते, त्याच्या आधारे केलेला दावा खरा की खोटा हे पाहावे लागते. मागचे चित्र केवळ सजावट असेल तर कोणाची फसवणूक होत नाही. पूरग्रस्त गावाचे दृश्य मागे लावून तेथूनच बोलत असल्याचा आव आणला, तर ती फसवणूकच. नियमाने बोट ठेवायला हवे ते या फरकावर.

यासाठी नवे काही शोधून काढण्याचीही गरज नाही. १८६७ च्या मुद्रण व पुस्तक नोंदणी कायद्याने प्रत्येक वृत्तपत्रावर मुद्रक, प्रकाशक व संपादक यांची नावे छापण्याचे बंधन घातले होते. ब्रिटिशांचा हेतू पाळतीचा होता, यात शंका नाही. पण शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात छापलेली ती ओळ पुढे वाचकाचाच आधार बनली. चूक झाली तर कोणाला धरायचे ते तिच्यामुळे ठाऊक असे. १ मार्च २०२४ पासून त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली, मात्र तोही छापील नियतकालिकांपुरताच आहे.

घरच्या कक्षातून बातमी देणाऱ्याने ही ओळ स्वतःहून स्वीकारावी. नाव, गाव, संपर्काचा पत्ता, चित्रणाची तारीख, वापरलेल्या दृश्याचा मूळ स्रोत आणि चुकीची दुरुस्ती ठळकपणे देण्याची सवय, या सहा गोष्टींना एक रुपयाही लागत नाही. मागे लावलेले छायाचित्र कोणाच्या तरी मालकीचे असते आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने त्याला संरक्षण असते, याचे भानही त्यातच आले. परवाना मागणारे सरकार आणि जबाबदारी झटकणारा निवेदक यांच्यामधला हा मार्ग आहे.

प्रेक्षकालाही आपली जुनी मोजपट्टी बदलावी लागेल. चकचकीत टेबल आणि मागचा पृथ्वीगोल आता कोणालाही काही हजारांत मिळतो, म्हणून त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. उलट ज्याच्या मागे पोपडे आलेली साधी भिंत आहे, पण जो आपले नाव-गाव सांगून बोलतो, तो अधिक भरवशाचा असू शकतो. मागे काय दिसते यापेक्षा मागे कोण उभे आहे, हा प्रश्न मराठी वाचक वृत्तपत्राला पिढ्यान्‌पिढ्या विचारत आला आहे. तोच आता पडद्यालाही विचारला पाहिजे.