आधीं खुराडें, मग कोंबडें

भावाभावांच्या वांटण्या होतात, विहिरीला पाणी लागतें, आणि गांवांतलें बिऱ्हाड मळ्यांतल्या नव्या वस्तीवर येतें. चूल मांडून आठ दिवस झाले नाहींत तोंच कारभारीण म्हणते, 'चार कोंबड्या आणा. पोरांच्या पोटांत अंडें जाईल, मीठमिरचीचा खर्च निघेल.' विचार सोन्यासारखा आहे. शेताचें पीक वर्षाकांठीं हातीं येतें, अंड्याचा पैसा आठवड्याच्या बाजाराला येतो. आणि ज्या घरांत असा पैसा येतो त्या घराला दुकानदारापुढें मान खालीं घालावी लागत नाहीं. पण वर्षभरानें पाहावें तर पुष्कळ वस्त्यांवर खुराडें रिकामें! कारण विचारलें तर उत्तर ठरलेलें: 'जागा लाभली नाहीं,' किंवा 'नजर लागली.'

आमचें स्पष्ट म्हणणें असें कीं, जागा बिचारी निरपराधी आहे. कोंबड्या नेणारे मोठे चोर दोन: एक रोग, दुसरा लबाड सौदागर. दोघांनाही दार आपणच उघडून देतों. कारण आपण आधीं कोंबड्या आणतों आणि खुराड्याचा, लशीचा व हिशेबाचा विचार मागाहून करतों.

खुराडें आधीं बांधा. रात्रीच्या निवाऱ्यास दर पांखराला दोन चौरस फूट जागा धरावी. म्हणजे दहा-अकरा पांखरांस पांच फूट लांब व साडेचार फूट रुंद खुराडें पुरे. जमीन उंचवट्याची व कोरडी असावी. मुंगूस व कोल्हा खालून उकरतात, म्हणून कडेनें हातभर खोल दगड पुरावेत. जाळी अशी बारीक असावी कीं, सापाचें डोकें आंत जाऊं नये. गांवचा सुतार हें काम करील आणि पिलें झांकायला बुरुडाचें डालें मिळेल. पैसा गांवांतच राहील.

आतां कोंबड्या कोणत्या? पहिल्या वर्षीं दहा कोंबड्या व एक कोंबडा एवढेंच धन पुरे. देशी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशींच अंडीं देते खरी. पण ती खुडूक होऊन स्वतः अंडीं उबविते, पिलें वाढविते आणि घार दिसतांच त्यांना पंखाखालीं घेते. हैदराबादेस तयार झालेली वनराज किंवा बंगळूरच्या कृषि विद्यापीठाची गिरिराज ही जात शंभराच्या वर अंडीं देते, पण ती क्वचितच खुडूक होते आणि अंगानें जड असल्यानें शत्रूपुढें तिला चट्कन पळतां येत नाहीं. म्हणून सहा देशी व चार सुधारित असा मेळ घालावा. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवा: या सुधारित जाती संकराच्या आहेत, त्यांच्या अंड्यांतून निघालेल्या पिलांत आईचा गुण पुरता उतरत नाहीं. तीं पिलें पुन्हा विकत घ्यावीं लागतात. देशी कोंबडीचें बीं मात्र आपल्या घरांतच राहतें.

कित्येकांना बदक व टर्कीचाही मोह होतो. बदक पाळण्यास हरकत नाहीं. देशी कोंबडीखालीं त्याचीं अंडीं बसवितां येतात, फक्त २१ दिवसांऐवजीं २८ दिवस धीर धरावा. परंतु बदक जेथें निजेल तेथें चिखल करतें, म्हणून त्याची जागा निराळी ठेवावी. टर्की मात्र कोंबड्यांच्या अंगणांत कधीं सोडूं नये. कोंबडीच्या पोटांतील जंतांबरोबर एक रोग पसरतो. कोंबडी तो बहुधा पचविते, टर्की मात्र त्यानें पटापट मरते. दाण्यांतही सावध असावें. बुरशी आलेली भुईमुगाची पेंड 'कोंबड्यांना काय होतें' म्हणून टाकूं नका. १९६० सालीं इंग्लंडांत अशाच पेंडीनें एक लाखावर टर्की मेल्या. आणि बदकाचीं पिलें तर या विषाला फारच हळवीं असतात.

आतां पहिल्या चोराकडे वळूं. मान वांकडी होते, हिरवी हगवण लागते आणि दोन-चार दिवसांत खुराडें ओस पडतें. तिला आपण मानमोडी म्हणतों. १९२७ सालीं हिमालयांतील राणीखेत येथें ती आपल्या देशांत प्रथम नोंदली गेली, म्हणून तिला राणीखेतही म्हणतात. तिच्यावर औषध नाहीं, लस आहे. पिलूं पांच ते सात दिवसांचें असतां लासोटा लशीचा थेंब डोळ्यांत किंवा नाकांत घालावा, चौथ्या आठवड्यांत तोच पुन्हा द्यावा, आणि आठव्या आठवड्यांत आर-टू-बी लस टोंचून घ्यावी. देवीची लस निराळी. सांथ आल्यावर लशीसाठीं धांवणें म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणें होय! आणि कोंबड्या मरूं लागल्या म्हणून देवीला कोंबडेंच बोलायचें, यांत वांचलेलें एक पांखरूंही जातें, एवढाच लाभ.

कोणी म्हणेल, 'लशीची कुपी शंभर मात्रांची, माझ्या कोंबड्या दहा. मग ती आणूं कशी?' याला उपाय एकी. कुपी फोडल्यावर ती थंड ठेवून थोड्याच तासांत संपवावी लागते. तेव्हां दहा वस्त्यांनीं एक दिवस ठरवावा, जनावरांच्या दवाखान्यांतून बर्फांत घालून कुपी आणावी आणि सकाळीं कोंबड्या सोडण्यापूर्वींच काम उरकावें. शेजाऱ्याची कोंबडी सुटली तर आपलीही धोक्यांत, हें विसरूं नये. बाजारांतून आणलेलें पांखरूं तीन आठवडे वेगळें कोंडावें. आजारी पांखरूं घाईनें बाजारांत विकणारा मनुष्य चार पैसे मिळवितो आणि दहा घरें बुडवितो. एकाएकीं पुष्कळ पांखरें मेलीं तर तें लपवूं नये, दवाखान्यास कळवावें; २००६ सालीं नवापुरांत बर्ड फ्लू आला तेव्हां लाखों कोंबड्या माराव्या लागल्या, हें सर्वांस ठाऊक आहे.

दुसरा चोर गोड बोलतो. 'आमचीं पिलें महाग घ्या, अंडीं आम्हीच चढ्या भावानें विकत घेऊं,' असें तो सांगतो. २०१२ सालीं तामिळनाडूंत एमूच्या नांवानें आणि २०१९ सालीं सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथाच्या नांवानें हेंच झालें. कर्ज शेतकऱ्याच्या माथीं राहिलें. यांत कडकनाथाचा दोष नाहीं. झाबुआच्या आदिवासींनीं सांभाळलेली ती अस्सल जात आहे आणि २०१८ सालीं तिला भौगोलिक मानांकनही मिळालें. दोष आहे तो, विकणारा आणि घेणारा एकच असण्याचा. म्हणून सौद्याच्या वेळीं एकच प्रश्न विचारा: 'उद्यां हा मनुष्य परागंदा झाला, तर हें अंडें माझ्या गांवच्या बाजारांत खपेल काय?' देशी कोंबडीचें अंडें खपतें. एमूचें खपलें नाहीं.

शेवटीं हिशेब. दाणा किती गेला, अंडीं किती आलीं, किती खाल्लीं, किती विकलीं, हें शाळेंत जाणाऱ्या पोरीकडून वहींत रोज लिहून घ्या. झाडलोट, दाणापाणी जी करते तिच्याच हातांत अंड्याचा पैसा राहूं द्या. पहिल्या वर्षीं कर्ज काढूं नका. दहांच्या वीस कोंबड्या तुमच्याच खुराड्यांत होऊं द्या. कोंबडें झांकलें म्हणून उजाडायचें राहत नाहीं, तसेंच वहींत न लिहिलेला तोटाही टळत नाहीं. शेतकरी बंधुभगिनींनो, खुराडें लहान असो, पण तें तुमचें असो!