वाघाचा खर्च कोणाच्या माथी?

नेपाळच्या राष्ट्रीय उद्यानांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. २००९ साली तेथे १२१ वाघ होते. २०२२ मध्ये ते ३५५ झाले. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला एक प्रश्न टाळता येत नाही. या यशाचा खर्च कोण सोसतो? सफारीचा आनंद पर्यटकाचा, नफा हॉटेलवाल्याचा. गेलेली म्हैस आणि प्रसंगी गेलेला माणूस मात्र जंगलालगतच्या थारू शेतकऱ्याच्या घरचा. १९७३ साली चितवन राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले आणि त्याच्या पिढीजात सरपणावर व चराईवर बंधने आली.

१९९३ च्या कायदादुरुस्तीने उद्यानाच्या उत्पन्नातील ३० ते ५० टक्के वाटा बफर क्षेत्रातील गावांसाठी राखण्याची तरतूद झाली. हे धोरण स्तुत्यच होय. तथापि, गावाला मिळालेला रस्ता म्हणजे गेंड्याने तुडवलेल्या भाताची भरपाई नव्हे. लाभ सामुदायिक आणि हानी मात्र एकट्याची, हीच खरी विषमता आहे. म्हणून या निधीवर पहिला हक्क नुकसानग्रस्ताचा असावा, आणि तोही विनाविलंब. आपल्या ताडोब्याभोवतीच्या गावांनाही हाच न्याय लागू पडतो. शेजारचा शेतकरीच वैरी झाला, तर कुंपण आणि पहारा वाघाला किती दिवस वाचवणार?