रोग्यांस मुभा, मित्रांस मनाई

गुजरातेतील दारूबंदीविषयी आजवर जे लिहिले गेले त्यात दोनच सूर आढळतात. एक पुण्याईचा, दुसरा थट्टेचा. पहिला गांधीजींचे नाव घेऊन बोलू लागतो. दुसरा 'अहो, इथे सगळे मिळते' असे म्हणून डोळा मिचकावतो. आम्हांस दोन्ही सुरांचा वीट आला आहे, आणि खरे सांगावयाचे तर दुसऱ्याचा अधिक. कारण पुण्याईच्या सुरात निदान काही श्रद्धा असते. डोळा मिचकावणाऱ्यास कायदा बदलावयाचा नसतो. तो आपल्यापुरता चुकविता आला की त्याचे काम भागते.

हे लिहिण्यास निमित्त झाले ते क्षुल्लक आहे. आमच्या दहाबारा स्नेह्यांच्या मंडळात व्हिंटेज पोर्टचे एक रात्रभोजन योजावे अशी कल्पना निघाली. मंडळी कोण? तीन वकील, हाडांचे एक डॉक्टर, रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक प्राध्यापक, दोन पेढीवाले, बाकीचे असेच. राहणारे बहुतेक दांडिया बाजारातले. दांडिया बाजार म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे अरविंदबाबूंचे निवासस्थान येते, माणिकरावांचा आखाडा येतो. मद्याचा चषक येत नाही. तेव्हा या वस्तीतल्या मराठी गृहस्थांस पोर्टुगालच्या मद्याचे डोहाळे कोठून लागले, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. आमच्यातील एकाची सासुरवाडी पणजीची. तेथे मेहुण्याच्या घरी १९९४ सालची एक बाटली कित्येक वर्षे आडवी पडून आहे. (या मासिकाचे गोव्यातील वाचक मांडवीकाठचे. मांडवी आमच्या वडोदऱ्यातही आहे, परंतु ती दरवाजाची. तिच्याखालून पाणी वाहत नाही, आणि कायद्याने तर दुसरेही काही वाहू नये.)

हे मद्य म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. कारण पुढचा सारा वाद त्याच्या स्वभावावर उभा आहे. गोव्यात 'पोर्ट' या नावाने जी गोड तांबडी वाइन स्वस्तात मिळते तिचा येथे संबंध नाही. खरे पोर्ट पोर्टुगालच्या उत्तरेस डोरू नदीच्या खोऱ्यातले. त्या प्रदेशाच्या सीमा १७५६ साली मार्क्विस पोंबाल याने आखून दिल्या. द्राक्षरस आंबत असताना, त्यातील साखर पुरती संपण्यापूर्वीच, द्राक्षांचाच तीव्र अर्क त्यात ओततात. आंबणे थांबते, गोडवा राहतो आणि मद्यार्काचे प्रमाण शेकडा २०च्या आसपास जाते. बहुतेक पोर्ट अनेक सालांच्या मिश्रणाचे असते. परंतु एखादे साल असामान्य निघाले तर त्या एकाच सालची द्राक्षे वेगळी ठेवून 'व्हिंटेज' जाहीर करतात. १९६३, १९७७, १९९४, २०११ ही अशी काही साले. लाकडी पिंपात ते दोनतीन वर्षेच राहते. त्याचे खरे आयुष्य बाटलीत, अंधारात, वीस-तीस-चाळीस वर्षांचे.

आता त्याची सेवा ऐका. बाटली निदान एक दिवस आधी उभी करून ठेवावी लागते, म्हणजे वर्षानुवर्षांचा गाळ तळाशी बसतो. मग मानेखाली दिवा धरून, हात न हलविता, ते दुसऱ्या पात्रात ओतावे लागते. गाळ मानेपर्यंत आला की थांबावयाचे. हे काम आमच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांकडे आपोआपच आले असते. आयुष्यभर त्यांनी दुसरे काय केले? मग लहान पेल्यांत ते डावीकडून डावीकडे फिरते. एका बाटलीत बारा माणसांचे भागते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की जुने व्हिंटेज एकदा उघडले की एकदोन दिवसांत ते ओसरते. कपाटात ठेवून रोज रात्री चमचाभर घेण्याची ही वस्तू नव्हे. ती एका बैठकीत, एका रात्रीत, अनेकांनी संपवावयाची असते. आम्ही तर शेवटी बेबिंक्याची वडी ठेवावयाचे ठरविले होते. बेबिंक्याचे थर आणि पोर्टचा गोडवा यांचे जमते की नाही यावर दोन संध्याकाळी वाद झाला. तो वाद, आमच्या मते, त्या बाटलीपेक्षाही मोलाचा होता.

येथवर आल्यावर आमच्यातल्या तीन वकिलांनी कायद्याचे पुस्तक उघडले.

मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९चा. बडोदे संस्थान त्याच वर्षी १ मे रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, आणि ६ एप्रिल १९५०पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. १९६० साली गुजरात वेगळा झाला तेव्हा हा कायदाही वारशाने आला. २०११ साली त्याच्या नावातील 'मुंबई' काढून 'गुजरात' घातले गेले. या कायद्यात पिण्यास सरसकट बंदी आहे असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. पिण्यास परवाना मिळतो. चाळिशी ओलांडलेल्या माणसास वैद्यकीय कारणास्तव आरोग्य-परवाना मिळतो. बाहेरच्या राज्यातून आलेल्या पाहुण्यास अल्प मुदतीचा परवाना मिळतो. मिळत नाही तो एकाच माणसास: ज्याची प्रकृती ठणठणीत आहे, जो येथील रहिवासी आहे, आणि जो खोटे बोलू इच्छीत नाही.

या व्यवस्थेचा अर्थ वाचकांनी नीट ध्यानी घ्यावा. आम्ही चाळिशी ओलांडलेले आहोत. आम्हांस निद्रा उत्तम येते, रक्तदाब ठीक आहे, पचनाविषयी तक्रार नाही. परवाना हवा असेल तर आम्हांस प्रथम एखादी व्याधी पैदा केली पाहिजे, ती एका डॉक्टरच्या तोंडून वदविली पाहिजे आणि सरकारी वैद्यांपुढे जाऊन तिला मान डोलावली पाहिजे. आमच्या ओळखीत असे परवाने पुष्कळ आहेत. त्यांतील गृहस्थ सकाळी बागेत चार चार फेऱ्या मारतात. कागदावर मात्र ते सारे निद्रानाशाने आणि चिंतेने जर्जर आहेत. एका सबंध शहराच्या सुशिक्षित वर्गाने सामुदायिक रुग्णत्व पत्करले आहे, आणि त्याची लाज कोणास वाटत नाही.

बरे, परवाना मिळाला असे समजू. तरीही आमचे भोजन होत नाही. परवानाधारकास आपल्या वाट्यातला घोट परवाना नसलेल्या मित्रास देता येत नाही. पणजीहून मेहुणा आला तर त्यास पाहुण्याचा परवाना मिळेल. तो आमच्या घरी बसून पिऊ शकेल, आणि आम्ही यजमान त्याच्याकडे पाहत बसू. त्यातून खर्च वर्गणीने वाटून घेतला तर आमच्या दिवाणखान्यास कोणी हौशी फौजदार 'पिण्याचा अड्डा' ठरवू पाहील, आणि कलम ८४ अन्वये तेथे नुसते पिण्याच्या हेतूने हजर असणेही अपराध. म्हणजे हा कायदा एकाच प्रकारच्या पिणाऱ्यास ओळखतो: एकट्याने, दार लावून, औषध म्हणून पिणाऱ्यास. मद्याच्या हानीविषयी ज्याने थोडाही विचार केला आहे त्यास विचारा की कोणते पिणे अधिक घातक. मित्रांच्या पंगतीत वादविवाद करीत घेतलेला एक पेला, की बंद खोलीत मोजून ठेवलेला वाटा? कायद्याने दुसऱ्यास मुभा दिली आहे आणि पहिल्यास मनाई केली आहे.

न्यायालयांनी यातले काही आधीच पाहिले आहे. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्य विरुद्ध बलसारा या खटल्याचा निकाल दिला. बलसारा यांनी मागितलेल्या जिनसांच्या यादीत व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बीअर यांच्याबरोबर ओ-द-कोलोनही होते. न्यायालयाने कायदा बव्हंशी राखला. परंतु औषधी व प्रसाधनाच्या वस्तूंवरील बंदी आणि मद्याची नुसती वाखाणणी करण्यावरील बंदी रद्द ठरविली. आम्ही पोर्टचे वर्णन वर मोकळ्या मनाने केले ते या निकालाच्या आश्रयाने. पुढे पेसिकाका यांच्या खटल्यात प्रश्न आला की तोंडास वास येतो एवढ्यावरून माणूस दोषी ठरतो काय. ते म्हणत होते की आपण औषध घेतले होते. आरोपीने निर्दोषित्व सिद्ध करावयाचे नसून सरकारने दोष सिद्ध करावयाचा, असा निर्णय झाला. तेव्हा विधिमंडळाने कायदाच फिरविला आणि रक्तातील मद्यार्क अमुक प्रमाणाच्या वर आढळला की सिद्धतेचा भार पुन्हा आरोपीवर टाकला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणास मूलभूत हक्क मानल्यावर गुजरातच्या उच्च न्यायालयापुढे नवे अर्ज आले. माणसाने आपल्या घराच्या चार भिंतींत काय प्यावे यात राज्याने शिरू नये, असा त्यांचा आशय. सरकारचे म्हणणे होते की १९५१ सालीच हा विषय संपला. २३ ऑगस्ट २०२१ रोजी उच्च न्यायालयाने ते म्हणणे नाकारले व अर्ज ऐकण्याजोगे आहेत असे ठरविले.

दारूबंदीच्या कैवाऱ्यांचा एक युक्तिवाद मात्र आम्ही हसण्यावारी नेणार नाही. आमच्याच गल्लीतील एक वयोवृद्ध बाई आम्हांस म्हणाल्या, 'वकीलसाहेब, तुमच्या बारा जणांच्या रसिकतेसाठी गिरणीतल्या बाईच्या नवऱ्याचा पगार गुत्त्यात जाऊ द्यावयाचा काय?' हा प्रश्न खरा आहे, आणि राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदामागे तोच आहे. परंतु त्या बाईच्या नवऱ्याचे प्रत्यक्षात काय होते? जुलै २००९मध्ये अहमदाबादेत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. जुलै २०२२मध्ये बोटादच्या बाजूस चाळीसहून अधिक मेली. त्यांच्या पोटात गेले ते मिथेनॉल होते. मरणारे मजूर होते. त्यांच्यापाशी आरोग्य-परवाना नव्हता, कारण त्यांना डॉक्टरकडून निद्रानाश विकत घेता येत नव्हता. ज्याच्या नावाने हा कायदा चालतो त्याच्या वाट्यास विष येते, आणि ज्याच्याविरुद्ध तो आहे असे सांगतात त्याच्या वाट्यास परवाना.

आणि डिसेंबर २०२३मध्ये तर राज्याने स्वतःच पडदा बाजूस सारला. गांधीनगर जिल्ह्यातील गिफ्ट सिटी या आर्थिक वसाहतीत काम करणाऱ्यांस, आणि त्यांच्या सोबतीने येणाऱ्या पाहुण्यांस, तेथील उपाहारगृहांत मद्य घेण्याची मोकळीक दिली गेली. व्याधीची अट नाही. मित्रांबरोबर बसण्यास हरकत नाही. उलट सोबतीचीच अट! म्हणजे पंगतीत पिणे हा मुळात दुराचार नाही, हे सरकारास मान्य आहे. परकी भांडवल ज्या जमिनीवर उतरते तेथे तो सभ्यपणा, आणि दांडिया बाजारात गुन्हा. नीतीचा प्रश्न असता तर तो गांधीनगरात एक आणि वडोदऱ्यात दुसरा झाला नसता.

आमच्या मंडळातील बहुसंख्यांनी यावर तोडगा काढला, तो असा की सर्वांनी गाडीने वापीस उतरावे व तेथून दमणला जावे. दमण चारशे वर्षे पोर्टुगिजांचे होते, १९६१च्या डिसेंबरात मुक्त झाले, आणि तेथे आपला कायदा चालत नाही. पोर्टला याहून उचित जागा कोणती? युक्ती देखणी आहे, आणि म्हणूनच आम्ही तिला विरोध केला. दोनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून आपल्या सद्गृहस्थपणास रजा द्यावयाची, आणि दुसऱ्या दिवशी तोंड धुऊन परत येऊन दारूबंदीच्या सभेत टाळ्या वाजवावयाच्या, हेच गेली सत्तर वर्षे चालले आहे. दमण, दीव, अबू ही गावे नसती तर हा कायदा दहा वर्षांत सुधारला गेला असता, असे आमचे ठाम मत आहे. ज्यांच्या शब्दास वजन आहे त्यांची सोय झाली. मग बोलणार कोण?

आमचे मागणे गुत्ते उघडा असे नाही. विक्रीवर, वेळेवर, गाडी हाकण्यावर कितीही कडक नियम असोत. फौजदारी न्यायालयात मद्यपी पतीविरुद्ध उभ्या राहणाऱ्या बायकांची बाजू आम्ही मांडली आहे, त्यामुळे मद्याने काय होते हे आम्हांस पुस्तकातून शिकावे लागत नाही. मागणे दोनच गोष्टींचे आहे. परवान्यातून व्याधीची अट काढावी, आणि परवानाधारकास आपल्या घरी बोलाविलेल्या प्रौढ पाहुण्यांबरोबर पेला वाटून घेऊ द्यावा. गिफ्ट सिटीस जे दिले त्याहून हे कमीच आहे.

दमणची सहल आम्ही वगळून इतरांनी ठरविली तर ठरवोत. आम्ही येत्या महिन्यात आरोग्य-परवान्याचा अर्ज करीत आहोत, आणि जेथे व्याधी विचारली आहे तेथे 'कोणतीही नाही' असे लिहीत आहोत. मंडळातील आणखी चौघे तसेच लिहिण्यास तयार झाले आहेत. डॉक्टर अद्याप कचरतात, ते त्यांच्या धंद्यास धरूनच आहे. अर्ज नामंजूर झाला म्हणजे नामंजुरीची कारणे आम्ही लेखी मागू, आणि ती हाती पडताच या मासिकाच्या संपादकांकडे छापण्यासाठी पाठवू.