दाखला आणि श्रद्धा

आमच्या घरी बाप्तिस्म्याच्या दाखल्याला फार मान. तो कपाटात कुलूपबंद असतो! पण दाखल्यावरच्या तारखेस माणूस श्रद्धेने प्रौढ होतो काय? मला तसे वाटत नाही.

रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली वर्षे सोपी नव्हती. पतीचा विरह, नातलगांचे बोल, आणि पुन्हा एकत्र आल्यावरही वेगळी चूल, सोवळे. नवऱ्यामागून त्या मुकाट्याने गेल्या असत्या, तर ती पतिनिष्ठा ठरली असती, श्रद्धा नव्हे. त्यांनी आधी मनातली जात टाकली, मग बाप्तिस्मा घेतला. हा क्रमच मला मोलाचा वाटतो.

टिळक तरी १८९५ पाशी कुठे थांबले? १९१७ साली, पंचावन्नी उलटल्यावर, मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथे जागा होती.

आमच्याकडे मात्र क्रम उलटा. दाखला आधी, जात जायची ती राहूनच गेली. गेल्या उन्हाळ्यात ताईला स्थळ आले. मुलगा शिकलेला, नियमित उपासनेला जाणारा. तरी घरात हळूच प्रश्न निघालाच, “पण ते मूळचे कोण?”

धर्मशिक्षणाची सारी प्रश्नोत्तरे मला तोंडपाठ आहेत. त्या वेळी मी गप्प बसलो.