मैदानावरचा सिनेमा कुणाचा?

एप्रिलअखेर परीक्षा आटोपल्या की विद्यापीठांची आवारे ओस पडतात, असे मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. तो वस्तुस्थितीला धरून नाही. वसतिगृहांत प्रबंध पुरा करणारे असतात, सेट-नेटची आणि राज्यसेवेची तयारी करणारे असतात, गावी परतणे परवडत नाही असेही असतात. कर्मचारी-वसाहतीत शिपाई, माळी, रखवालदार यांची कुटुंबे बारमाही राहतात. उन्हाळ्याच्या संध्याकाळी मैदानावर पडदा बांधून चित्रपट दाखवायचा, तर त्याचा पहिला प्रेक्षक हाच. अलीकडे असे खेळ पुन्हा होऊ लागले आहेत. पण 'मूव्ही नाइट' या नावाने जे होते आहे, त्यात नेमका हाच प्रेक्षक वगळलेला आहे. आमचा वाद आहे तो याच्याशी.

आम्हांला ठाऊक असलेल्या एका आवारातला प्रकार सांगतो. प्रायोजक मिळाला, त्याचा फलक पडद्याच्या तोडीचा लागला. प्रवेश ओळखपत्र दाखवून. चित्रपट वर्षभरापूर्वी गाजलेला आणि जमलेल्यांपैकी बहुतेकांनी मोबाइलवर पाहून झालेला हिंदी मारधाडपट. मराठी विभागातर्फे आम्ही 'कुंकू' सुचवला होता. "मुलं उठून जातील, सर" एवढ्या उत्तरावर विषय संपला. कर्मचारी-वसाहतीतल्या बायका आणि मुले कुंपणाच्या तारेपलीकडे उभी राहून पाहत होती. 'ज्ञान समाजापर्यंत नेण्याचा' ठराव करणाऱ्या संस्थेच्या मैदानावर समाज तारेपलीकडे उभा होता, आणि ते कुणाला खटकले नाही.

मुले उठून जातील, हा पहिला आक्षेप. 'कुंकू' १९३७चा. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी तो केला. फसवून म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधलेली तरुण मुलगी ते लग्न मानायला नकार देते, हा त्याचा विषय. वीस वर्षांच्या मुलीला आज तो परका वाटेल, असे कुणी कशाच्या आधारे ठरवले? 'शेजारी' १९४१चा. एका गावातले दोन जिवलग मित्र, एक हिंदू, एक मुसलमान. धरणाच्या निमित्ताने त्यांच्यात फूट पाडली जाते. हा विषय जुना झाला असता तर आम्हांला आनंदच वाटला असता. आणि १९३६च्या 'संत तुकाराम'मधली, देवाला जाब विचारणारी जिजाई पाहून कुठला मराठी प्रेक्षक उठून जातो, ते आम्हांला एकदा पाहायचेच आहे. मुले उठून जातील हे भाकीत करणाऱ्यांनी हे चित्रपट मुलांना कधी दाखवलेले नसतात.

यात आमच्या विषयाचाही प्रश्न गुंतलेला आहे. एम.ए.च्या वर्गांत आम्ही साहित्याचे माध्यमांतर शिकवतो. कादंबरी आणि चित्रपट यांतील फरकाचे पाच मुद्दे विद्यार्थी गाईडमधून पाठ करतात आणि त्यांवर गुण मिळवतात. त्यांतल्या कित्येकांनी तो चित्रपट पाहिलेला नसतो, आणि तो दाखवायला विभागाकडे वेळ नसतो. न ऐकलेल्या रागावर निबंध लिहून घेण्याचाच हा प्रकार आहे. 'प्रभात' कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली, १९३३ साली पुण्यात आली. तिच्या स्टुडिओच्या जागेत १९६० साली चित्रपटशिक्षणाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. २०२२मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. एवढा वारसा दाराशी असताना आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने 'माणूस' केवळ नावाने ओळखावा, ही स्थिती भूषणावह नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा. प्रशासनाला तो फार प्रिय असतो, कारण तो उच्चारला की पुढे बोलावे लागत नाही. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यातले ५२वे कलम शिक्षणसंस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून चित्रपट दाखवण्यास मुभा देते. अट एवढीच की प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी, कर्मचारी, विद्यार्थ्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी थेट संबंध असलेल्या व्यक्ती असाव्यात. म्हणजे माळीबुवांना आणि रखवालदाराला तारेपलीकडे उभे करणारा हा कायदा नव्हे. शिवाय त्याच कायद्यानुसार चित्रपटावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी', १९५३चा 'श्यामची आई' या सगळ्यांची मुदत केव्हाच संपली आहे. ते आवाराबाहेरच्या वस्तीलाही बोलावून दाखवता येतील. चांगली प्रत मिळवावी लागेल, परवानग्यांसाठी हेलपाटे घालावे लागतील. पण त्याच मैदानावर स्नेहसंमेलनाच्या डीजेसाठी हे हेलपाटे निमूटपणे घातले जातात. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही, हेही खरे. मे महिन्यात पुण्याकडे सातच्या सुमारास सूर्य मावळतो, साडेसातला पडद्यावर चित्र दिसू लागते. 'संत तुकाराम' सव्वादोन तासांच्या आत संपतो. दहाच्या ठोक्याआधी सतरंज्या गुंडाळून होतात.

तिसरा आक्षेप सर्वांत शहाणा वाटणारा आहे: सगळे मोबाइलवर उपलब्ध असताना मैदानावर जमायचे कशाला? याचे उत्तर खरे तर काव्यशास्त्राच्या तासाला आम्ही दरवर्षी देत असतो. भट्टनायकाने मांडलेला आणि अभिनवगुप्ताने विस्तारलेला साधारणीकरणाचा सिद्धान्त आम्ही फळ्यावर लिहितो: प्रेक्षक आपला 'मी' बाजूला सारतो आणि भाव सर्वांचा होतो. हा सिद्धान्त नाट्यगृहातल्या समुदायाकडे पाहून सुचलेला आहे; खाटेवर पडून कानांत बोंडे घातलेल्या एकट्याकडे पाहून नव्हे. एकटा पाहणाराही रसिक असू शकतो, हे आम्हांला मान्य आहे. पण आपण ज्या जागी हसलो तिथे शेजारची म्हातारी का रडली, हा प्रश्न त्याला पडत नाही. समीक्षेचा आरंभ याच प्रश्नापाशी होतो. यात्रेतल्या तंबूत सिनेमा पाहणाऱ्या महाराष्ट्राला तो अनुभव नवा नव्हता. त्या तंबूंचा अस्त 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या २०१६च्या माहितीपटात नोंदला गेला आणि कान महोत्सवात त्याचे कौतुकही झाले. अस्ताचे कौतुक करून आपण मोकळे झालो. तंबू जे करीत होता, ते काम पुढे कुणी करायचे, हा विचार झालाच नाही.

ते काम विद्यापीठांनी करावे, असे आमचे म्हणणे आहे. मागणी अवास्तव नाही. मे महिन्यातले चार शनिवार. एक पडदा, एक प्रक्षेपक, सतरंज्या आणि पिण्याचे पाणी. निवड वाङ्मय विभागांनी करावी आणि तिची कारणे लेखी द्यावीत. आधी एखाद्या विद्यार्थ्याने दहा मिनिटे बोलावे; प्रायोजकाने आणि कुलगुरूंनी बोलू नये. खेळ संपल्यावर ज्यांना थांबायचे ते थांबतील, वाद घालतील, आणि त्या वादात माळीबुवांचे मत प्राध्यापकांच्या मताइतक्याच वेळ ऐकले जाईल. गर्दी जमली नाही तर? पहिल्या शनिवारी तीस माणसे आली तरी वर्गातल्या हजेरीपेक्षा ती बरी असेल, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

मराठी टिकली पाहिजे यावर आवारांतून वर्षभर परिसंवाद होतात. ती भाषा आपल्या मोठेपणी पडद्यावर कशी बोलत होती, हे ऐकायला फाटक उघडे ठेवणे मात्र जमत नाही. ते न जमण्याला पैसा, कायदा किंवा प्रेक्षक कारण नाही, एवढे वर दाखवून झाले. उरलेले कारण संबंधितांनी स्वतःच सांगावे.