पाच वॅटांची हाक

गेल्या मंगळवारी दुपारी आम्ही येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे गेलो. हातात शिदोरी, खांद्यावर हौशी रेडिओचे लहानसे यंत्र व बॅटरी. गडाखाली दोन झाडांमध्ये वीस मीटर तार ताणू लागलो, तेव्हा एका गुराख्याने विचारले, "फादर, धुणे वाळत घालणार काय?"

धुणे नव्हे, तो आमचा ४० मीटर पट्ट्याचा एरियल! या पट्ट्यावर पुष्कळ मंडळी १०० वॅट शक्ती वापरतात. आम्ही तारायंत्राच्या कडकट्ट भाषेत अवघ्या ५ वॅटांवर हाक घालतो. शक्ती विसावा हिस्सा. तरी ऐकणाऱ्याच्या यंत्रावरील काटा सुमारे दोनच अंश उतरतो. मात्र गोंगाट असला की तेवढ्यानेही हाक बुडते. म्हणून आधी पुष्कळ ऐकावे, मोकळी जागा हेरावी, आणि मगच किल्लीवर बोट ठेवावे. (सरकारी परवाना मात्र ५ वॅटांनाही लागतो, हे हौशी तरुणांनी ध्यानात ठेवावे.)

तासभर कोणीही ओ दिली नाही. पाच वाजता गावातील अंथरुणाला खिळलेल्या एका आजीला कम्युनियन द्यावयाचे होते. साडेचारला तार सोडावयास उठलो, तोच कोणीतरी सावकाश आमचे संकेतनाम वाजवू लागले. हैदराबादचे गृहस्थ! हाक स्पष्ट आहे, यंत्र कोणते, अशी त्यांनी पृच्छा केली. बसण्याचा मोह अनावर झाला होता. पण उत्तर देऊन लगेच '७३', म्हणजे या मंडळींचा रामराम, कळवला व तार गुंडाळली.

तरी सात मिनिटे उशीर झालाच. आजीला आम्ही कारण सांगितले. तिचा धाकटा मुलगा हैदराबादेस असतो.

"तिकडे पाऊस आहे का, एवढे तरी विचारायचे होते, फादर," ती म्हणाली.