बाराच्या भावात वऱ्हाड

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, अशी आपल्याकडे म्हण आहे. राज्याच्या विधिमंडळात दोन तट पडले असून त्यांचे भांडण आम्ही वऱ्हाडातून गेली काही वर्षे पाहत आलो आहोत. त्यावरून ही म्हण निदान पूर्णेच्या खोऱ्यात तरी खोटी ठरली, असे म्हणणे आम्हांस भाग आहे. येथे तिसरा म्हणजे अकोला-अमरावतीचा कोरडवाहू शेतकरी. त्याच्या पदरी लाभ पडलेला नाही. दोघांनी मिळून त्याला गहाण टाकले आहे.

शब्द कठोर आहे हे आम्ही जाणतो. म्हणून आधी घडले ते सांगतो.

विदर्भ विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्या मंडळांचीही त्याच दिवशी संपली. त्या वेळी महाविकास आघाडीचे सरकार होते. पहिले काही महिने साथीच्या धांदलीत गेले, हे समजण्यासारखे आहे. पण १ मार्च २०२१ रोजी, अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, विधानसभेत या मंडळांचा प्रश्न निघाला. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्या उत्तराचा आशय असा होता की, राज्यपाल ज्या दिवशी बारा आमदारांची नावे जाहीर करतील, त्या दिवशी आम्ही मंडळे जाहीर करू. तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस संतापले. बारा आमदारांसाठी विदर्भ-मराठवाड्याची जनता ओलीस धरली जात आहे, असा त्यांचा आरोप होता. आरोप खरा होता.

ही बारा माणसे कोण? विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी १२ जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकार व समाजसेवा या क्षेत्रांतील जाणकारांसाठी असून त्या राज्यपालांनी भरावयाच्या असतात. (साहित्यिकांसाठी ठेवलेल्या खुर्च्यांवर सर्वच पक्ष आपापली माणसे किती सहजपणे बसवतात, हा आमच्या वाचकांनी एकदा निवांतपणे विचार करण्याचा विषय आहे.) मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये आपली यादी राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे धाडली. राज्यपालांनी ना होकार दिला, ना नकार. वाजवी मुदतीत निर्णय घेणे हे राज्यपालांचे घटनात्मक कर्तव्य आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०२१ रोजी सांगितले. त्यानंतरही यादी जागची हलली नाही. एका तटाने राजभवनाचे दार लावून घेतले, दुसऱ्याने मंत्रालयाचे. आणि विदर्भ मधल्या अंगणात उभा राहिला.

आता हे मंडळ म्हणजे काही मोठे घबाड नव्हे, हेही सांगितले पाहिजे. घटनेच्या कलम ३७१ (२) मध्ये त्याची तरतूद १९५६ सालीच झाली. पण ते प्रत्यक्षात यायला १९९४ साल उजाडावे लागले. मधल्या काळात वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली राज्यातील मागास जिल्ह्यांचा अनुशेष मोजून तो ३,१८६ कोटी रुपयांचा असल्याचे दाखवून दिले, तेव्हा कोठे सरकारांना जाग आली. मंडळाने आपल्या भागाची स्थिती तपासावी, त्याच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे यावा, आणि निधीचे न्याय्य वाटप होते की नाही हे राज्यपालांनी विशेष जबाबदारी म्हणून पाहावे, अशी ही योजना.

मंडळ असताना तरी आमच्या शिवारात किती पाणी आले, असे काही जण विचारतात. आक्षेप अगदीच चुकीचा नाही. मंडळाच्या खुर्च्यांवरही राजकीय सोय लावली गेली. पैशाचा अनुशेष कागदावर भरून निघाला, पण सिंचनाचा प्रत्यक्ष अनुशेष अमरावती, अकोला, वाशिम व बुलढाणा या चार जिल्ह्यांत उरला तो उरलाच. मात्र तो उरला आहे हे आपल्याला कशामुळे कळले? कुणीतरी तो मोजत होते म्हणून. सावकाराच्या वहीतले आपले नाव दुःखद असते खरे. पण आपले येणे ज्या वहीत लिहिलेले आहे ती वहीच नाहीशी झाली, तर मागायचे कोणत्या तोंडाने?

खारपाणपट्ट्यातील गावांत ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांना हे अधिक सांगावयास नको. तेथे विहीर खोदली, पाणी लागले, तरी आनंद करता येत नाही. ते पाणी माणसाला पिववत नाही आणि पिकालाही सोसत नाही. कपाशी आकाशाकडे डोळे लावून वाढते. अशा मुलखाच्या हक्काचे मंडळ बारा खुर्च्यांच्या बदल्यात तागडीत घालावे, हे ज्यांना सुचले त्यांची आम्हांस लाज वाटते. आणि ज्यांनी बारा नावांवर मौन धरून ही तागडी त्यांच्या हाती दिली, त्यांचीही तितकीच.

शलमोन राजापुढे आलेल्या दोन स्त्रियांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मूल चिरण्याची वेळ येताच खऱ्या आईने हक्क सोडला, आणि त्यावरूनच ती ओळखू आली. मार्च २०२१ मध्ये विधानसभेच्या कोणत्याच बाकावर अशी आई बसलेली नव्हती.

बारा हा आकडाच त्या वर्षी अपशकुनी ठरला म्हणायचा. ५ जुलै २०२१ रोजी, दोन दिवसांच्या पावसाळी अधिवेशनात, भाजपचे बारा आमदार एक वर्षासाठी निलंबित झाले. त्यांत आमच्या अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरचे आणि शेजारच्या जळगाव जामोदचे आमदार होते. त्यांचे वर्तन शोभणारे होते असे आम्ही म्हणत नाही. पण शिक्षा त्यांना झाली की मतदारांना? सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी हे निलंबन रद्द ठरविले, तेव्हा हाच मुद्दा पुढे आला: सदस्याला काढून टाकले तर पोटनिवडणूक तरी होते, वर्षभराच्या निलंबनात मतदारसंघ नुसताच मुका होतो. त्याच काळात विधानसभेला अध्यक्षही नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिकामी झालेली ती खुर्ची जुलै २०२२ पर्यंत भरली गेली नाही, कारण तीवरूनही सरकार व राजभवन यांचे पटत नव्हते.

येथवर वाचून काही वाचक म्हणतील की, फादर, दोष अडवणुकीचा आहे. एकाच तटाच्या हाती सर्व सत्ता आली की कामे होतील. आम्हीही काही दिवस तसेच समजत होतो. पण पुढे काय झाले ते पाहावे. जून २०२२ मध्ये सरकार बदलले. राज्यपालांकडची जुनी यादी नव्या सरकारने सप्टेंबरात मागे घेतली. २७ सप्टेंबर २०२२ रोजी मंत्रिमंडळाने विकास मंडळे पुन्हा स्थापण्याचे ठरविले. राज्यात व दिल्लीत एकाच तटाची सत्ता, आणि राजभवनही अनुकूल. ओलिसांसाठी संतापलेले फडणवीस आता उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री होते. जुलै २०२३ मध्ये तर अजित पवारही त्याच सरकारात येऊन दाखल झाले. ज्या दोघांनी विधानसभेत मंडळावरून एकमेकांवर बोटे रोखली, ते दोघे एकाच मंत्रिमंडळात शेजारी बसले. तरीही २०२३ गेले, २०२४ गेले, मंडळ काही बसले नाही. बारांपैकी सात आमदारांचा शपथविधी मात्र १५ ऑक्टोबर २०२४ रोजी, निवडणूक जाहीर व्हायला काही तास उरले असताना, उरकण्यात आला. खुर्च्यांना घाई होती, मंडळाला नव्हती.

म्हणून आमचे म्हणणे असे की, भांडण हे कारण नव्हते, ती सबब होती. तट पाडून ठेवले की कुणालाच उत्तर द्यावे लागत नाही. प्रत्येकाजवळ दुसऱ्याचे नाव तयार असते. नोव्हेंबर २०२४ च्या निकालानंतर तर २८८ जणांच्या सभागृहात विरोधी बाकांवरील एकाही पक्षाला एकदशांश जागा मिळाल्या नाहीत, आणि मार्च २०२५ चे अर्थसंकल्पी अधिवेशन विरोधी पक्षनेत्याविना पार पडले. अडवणूक संपली, पण विचारणारेही उरले नाही.

या रोगाची लागण आमच्या धर्मग्रामातही झाली आहे. एका घरातील दोन भाऊ गेल्या निवडणुकीपासून मिस्सेला येतात ते चर्चच्या दोन टोकांना बसतात. दोघांची शेती एकाच धुऱ्याला लागून, दोघांच्या विहिरीचे पाणी सारखेच खारे. मंडळ कोणी बुडवले यावर त्यांची हमरीतुमरी होते, आणि दोघांच्याही तोंडी असतात ती आपापल्या पुढाऱ्यांचीच वाक्ये.

त्याच निवडणुकीत दोन्ही तटांचे कार्यकर्ते आमच्या आवारात येऊन गेले. आम्ही दोघांनाही चहा दिला आणि एकच प्रश्न केला: विदर्भ विकास मंडळाची मुदत कधी संपली? तारीख एकालाही सांगता आली नाही. पहिला म्हणाला, ते त्यांनी बुडवले. दुसराही तेच म्हणाला. मग ती तारीख आम्ही एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून सूचनाफलकावर लावली. दोघा भावांपैकी धाकट्याने ती आपल्या वहीत उतरवून घेतली आहे. थोरला अजून फलकाकडे फिरकलेला नाही.